सही कोणाची?

२०२२ मध्ये मी माझ्या बाबांच्या संघटनेसाठी एक ॲप बनवलं. सभासदांची यादी, मासिक बैठकीचं नोटिफिकेशन, सरकारी योजनांची मराठीत माहिती, तक्रार टाकायला फॉर्म. पुण्याच्या फ्लॅटवर बसून सलग चार शनिवार-रविवार घालवले होते. संघटनेत तेव्हा ३४ सभासद होते. ॲप ९ जणांनी डाऊनलोड केलं. त्यातला एक मी आणि एक माझी बहीण.

नेमक्या त्याच काळात संघटनेच्या बँक खात्यात ४१ हजार रुपये अडकून पडले होते. आणि ते मला माहीतच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

आधी संघटनेबद्दल सांगतो. अमरावती-नागपूर हायवेवर गुरुकुंज मोझरी आहे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या अपंग माणसांनी स्वतः मिळून काढलेली ही छोटी नोंदणीकृत संस्था. बाबा तिचे कोषाध्यक्ष. त्यांना लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर असतो. हायवेच्या कडेला त्यांचा एसटीडी-पीसीओचा बूथ होता, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. मोबाइल आले आणि बूथचं झेरॉक्सचं दुकान झालं, मग ऑनलाइन फॉर्म भरायचं. अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड, निराधारचे पैसे, अशा कामांसाठी येणारी माणसं तिथे एकमेकांना भेटत गेली आणि त्या दुकानातच संघटना उभी राहिली.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत अध्यक्ष गेले. चेकवर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष अशा दोन सह्या लागायच्या. नवा अध्यक्ष निवडला, रजिस्टरमध्ये ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार असा बदल ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे कळवावा लागतो, त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कागदपत्रं गेलेले अध्यक्षच बघायचे. मुदत आमच्यामुळेच टळली. बँक म्हणाली, बदल मंजूर झाल्याचा आदेश आणा. त्यासाठी विलंब माफीचा अर्ज हवा. वकील म्हणाला, आधी थकलेलं ऑडिट करून घ्या. ऑडिटला सीएची फी हवी. फीचे पैसे त्याच खात्यात.

आम्ही इंजिनिअर याला डेडलॉक म्हणतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. घरात चालू असलेला डेडलॉक मात्र मला दिसला नाही.

ॲप दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "ॲप चांगलं हाय रे. पन त्या ऑडिटचं काय करू?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. आपल्याकडे अपंगांसाठी खूप काही चालतं. मेळावे होतात, साहित्यवाटप होतं, उपोषणं होतात, आणि हॅकेथॉनही होतात. पण अपंग माणसं स्वतः चालवतात त्या संस्थांचा कणा मजबूत करायला कोणी पैसे देत नाही. वेळ देत नाही आणि अधिकार तर देतच नाही. माझा राग यावर आहे, आणि तो माझ्यापासून सुरू होतो.

मोझरीचा जून

८ जून २०२५ ला बच्चू कडू यांनी मोझरीला अन्नत्याग आंदोलन सुरू केलं. शेतकऱ्यांची कर्जमाफी ही मुख्य मागणी होती. सोबत दिव्यांग आणि विधवांना महिन्याला ६,००० रुपये मिळावेत ही मागणी होती. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम घेऊन घरीच होतो. उन्हाचा कडाका होता. बाबा साइड व्हील लावलेल्या स्कूटीवर रोज तिकडे जायचे. मी म्हटलं, "बाबा, तुमची तब्येत बघा." ते म्हणाले, "तो मानूस आमच्यासाठी उपाशी बसला. मी घरी कसा बसू?"

१४ जूनला सरकारच्या वतीने आश्वासन मिळालं आणि उपोषण थांबलं. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचं मासिक अर्थसाहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये केलं. हजार रुपये वाढले. पुण्यात एका संध्याकाळी दोन पिझ्झांत जाणारी ही रक्कम. आमच्या संघटनेतल्या निम्म्या घरांत तिने महिन्याचा किराणा भागतो. म्हणून त्या आंदोलनाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मागणी झाली, दबाव आला आणि काहीतरी हातात पडलं.

माझा प्रश्न वेगळा आहे. राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग माणसं आहेत. एवढ्या माणसांचा प्रश्न सरकारच्या टेबलावर पोचायला स्वतः अपंग नसलेल्या एका नेत्याला उपाशी राहावं लागतं, हे कसलं लक्षण आहे? ते चार वेळा आमदार झाले, मंत्री झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा हरले. नेत्याचं असंच असतं. तो आज आहे, उद्या हरेल, परवा त्याला दुसरा प्रश्न मोठा वाटेल. त्यात त्याचा दोष नाही. ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याकडे स्वतःची भक्कम यंत्रणा नसणं हे खरं दुखणं आहे.

मी बाबांना विचारलं होतं, ६,००० चा आकडा कसा आला? राज्यावर त्याचा बोजा किती? आपल्या तालुक्यात किती जण पात्र, किती जणांना मिळतात, किती अर्ज पडून आहेत? त्यांना सांगता आलं नाही. आमच्या तालुक्यातला हा साधा हिशेब आमच्याच संघटनेकडे नव्हता. ज्याच्याकडे आकडे नसतात त्याच्या वाट्याला फक्त घोषणा देणं येतं. वाटाघाटी दुसरा करतो.

'साठी' आणि 'ची'

अमरावती जिल्हा सेवेचा जिल्हा आहे. गाडगेबाबा इथल्या शेंडगावचे. आंधळ्या-पांगळ्यांची, रोग्यांची सेवा हाच त्यांचा देव होता. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना तेव्हा जवळ केलं जेव्हा घरचेही करत नव्हते. अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपलं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामांपुढे मान झुकतेच.

पण याच परंपरेमुळे आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय. अपंग माणूस घेणारा आणि धडधाकट माणूस देणारा. देणाऱ्याचं मन कितीही मोठं असो, घेणारा कायम घेणाराच राहतो. संस्थेच्या नावात 'अपंग' असतं, फोटोत अपंग असतात, लाभार्थ्यांच्या यादीत अपंग असतात. कार्यकारिणीची यादी काढून बघा, चेकवर सही कोणाची ते विचारा. तुमच्या गावातल्या, शहरातल्या एका तरी संस्थेत हे विचारून बघाच.

हा भेद जगाने कधीच ओळखलाय. १९८० मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरात पुनर्वसन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची परिषद भरली होती. डॉक्टर, तज्ज्ञ, संस्थाचालक अपंगांबद्दल चर्चा करत होते. तिथे आलेल्या अपंग प्रतिनिधींनी मागणी केली की निर्णय घेणाऱ्या सभेत निम्म्या जागा आम्हाला द्या. मागणी फेटाळली गेली. त्यांनी मग वेगळी वाट धरली आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरला अपंगांची स्वतःची जागतिक संघटना स्थापन केली, डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल. आमच्याबद्दलचं काहीही आमच्याशिवाय नको, हे सूत्र या चळवळीने जगभर नेलं.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. धोरण ठरवताना अपंगांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत केली पाहिजे असं त्यात आहे. २०१८ मध्ये त्या कराराच्या समितीने आणखी स्पष्ट केलं: ज्या संस्थेचं नेतृत्व, दिशा आणि कारभार अपंग माणसांच्या हातात आहे आणि सभासदांत ज्यांचं स्पष्ट बहुमत आहे, ती अपंगांची संघटना. बाकीच्या अपंगांसाठीच्या संस्था. दोन्ही लागतात, पण एकीला दुसरीच्या नावाने बोलता येत नाही.

आता आपला कायदा बघा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात राज्य सल्लागार मंडळाची तरतूद आहे. स्वयंसेवी संस्थांच्या वतीने त्यात दहा जण नेमायचे. ते दहा जण अपंग असावेत, पण 'शक्य असेल तोवर'. महिला किमान पाच असाव्यात याला अशी पळवाट नाही. अनुसूचित जाती-जमातींचा किमान एकेक असावा यालाही नाही. अपंगांच्या मंडळात अपंग माणूस बसवायलाच तेवढी शक्यता तपासायची! २९ लाखांत दहा माणसं सापडणं शक्य नसेल तर काय शक्य आहे?

आणि हे जमत नाही असं म्हणू नका. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन अनेकांच्या घरी असेल. देशातल्या अंधांनी १९७० मध्ये आपला राष्ट्रीय महासंघ काढला. नोकरीतल्या राखीव जागांसाठी न्यायालयापर्यंत जाऊन तो भांडलाय. माणसं होती आणि आहेत. त्यांना आधार देणारी व्यवस्था तेवढी नाही.

'कपॅसिटी बिल्डिंग' नावाचं जेवण

तुम्ही म्हणाल, संस्थांच्या क्षमतावाढीचे कार्यक्रम तर चालूच असतात. हो, असतात. मी बाबांना अशा तीन कार्यक्रमांना घेऊन गेलोय. हॉल, बॅनर, पाण्याच्या छोट्या बाटल्या. नेतृत्वगुण या विषयावर दीड तास स्लाइड्स. मग जेवण. मग प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. एका ठिकाणी प्रमाणपत्र घ्यायला स्टेजवर चढायला पाच पायऱ्या होत्या. बाबा खालीच थांबले, कोणीतरी प्रमाणपत्र आणून हातात दिलं.

नेतृत्वगुण बाबांकडे होतेच. ते नसते तर एका पायाच्या जोरावर ३४ माणसं जोडली गेली नसती. संघटनेला काय नव्हतं ते मी आता नेमकं सांगू शकतो. महिन्यातून दोन दिवस येणारा हिशेबनीस नव्हता. सीएची फी नव्हती. तालुक्याला, जिल्ह्याला जायला गाडीभाडं नव्हतं. आणि अपंग माणसाचं गाडीभाडं म्हणजे बसचं तिकीट नाही. बसमध्ये चढता येत नाही म्हणून केलेली ऑटो, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळं त्यात येतं. कर्णबधिर सभासदांसाठी दुभाषा नव्हता. बैठकीला भाड्याची जागा नव्हती. यातल्या एकाही गोष्टीचा फोटो चांगला येत नाही.

एका कंपनीच्या सीएसआर विभागातल्या साहेबांना मी भेटलो होतो. ते ट्रायसिकल वाटायला तयार होते. कार्यक्रम घ्या, आमचे डायरेक्टर येतील म्हणाले. मी म्हटलं, ट्रायसिकल आधीच्या योजनांतून मिळाल्यात, काही गंजून पडल्यात. त्याऐवजी अर्धवेळ हिशेबनिसाचे महिन्याला ४,००० रुपये दोन वर्षं द्या. एकूण ९६ हजार. ते म्हणाले, आमच्या पॉलिसीत सॅलरी बसत नाही.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे ही चूक रोज दिसते. नवीन फीचरला बजेट मिळतं, मेंटेनन्सला मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका लायब्ररीत सुरक्षेचं भगदाड सापडलं आणि जगभरच्या कंपन्यांची झोप उडाली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की निम्म्या जगाचं सॉफ्टवेअर ज्यावर उभं आहे ते मोजके लोक फावल्या वेळात सांभाळतायत. अपंगांच्या संघटनांचं तसंच आहे. तहसीलमधल्या रांगा, दाखल्यांच्या खेपा, ग्रामसभेतली भांडणं हे मूळ काम हीच माणसं फुकटात सांभाळतात. आणि वरच्या संस्था त्यावर अहवाल लिहितात.

पैशाची पाइपलाइन तर अशी बांधलीय की खालच्या नळाला पाणी येऊच नये. सीएसआरचा निधी हवा तर आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ फॉर्म हवा. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवता आला पाहिजे. म्हणजे आधी पैसे नसताना तीन वर्षं काम करा, त्याचं ऑडिट ठेवा, मग पैसे मागायला या. परदेशी देणग्यांबद्दलचा कायदा २०२० मध्ये बदलला. त्याआधी मोठी संस्था आलेल्या पैशातला काही भाग छोट्या संस्थेला देऊ शकायची. आता तो असा पुढे देण्यावर बंदी आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. यामागचा हेतू काहीही असो, परिणाम एकच झाला. ज्यांच्याकडे आधीच ऑफिस, सीए आणि इंग्रजीत प्रपोजल लिहिणारा माणूस आहे, त्यांनाच पैसा मिळतो. पैसा मिळतो म्हणून त्यांचा अनुभव वाढतो. अनुभव वाढला म्हणून पुन्हा पैसा मिळतो.

मग कोणीतरी म्हणतं, अपंगांच्या संघटनांमध्ये क्षमताच नाही हो.

'त्यांना झेपेल का?'

हा प्रश्न मला माझ्याच मित्रांनी विचारलाय. तुमचा चेंज रिपोर्ट राहिला, खातं गोठलं, म्हणजे कारभार जमत नाही हेच सिद्ध झालं ना?

तुमच्या हाउसिंग सोसायटीचं ऑडिट वेळेवर झालंय का? गावातल्या गणेश मंडळाची नोंदणी आहे का? धडधाकट माणसांच्या किती संस्था कागदांत अडकतात, तेव्हा आपण म्हणतो का की या लोकांना दोन पाय आहेत, यांना कारभार कसा झेपेल? कागद सांभाळणं हे पायांचं किंवा डोळ्यांचं काम नाही. ते माहितीचं आणि फीचं काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अपंगांच्या संघटनांतही राजकारण असतं, काही माणसं वर्षानुवर्षं खुर्ची सोडत नाहीत, बायका मागे राहतात. हे सगळं आमच्याकडेही आहे. २०२२ मध्ये ३४ सभासदांत फक्त ५ बायका होत्या. कर्णबधिर एकही नव्हता. कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आमच्या बैठकीत बहुतेक सगळे पोलिओ आणि अपघातवाले पुरुष. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आया दुकानात फॉर्म भरायला यायच्या, बैठकीला कोणी बोलावलं नाही. मी हे बाबांना बोललो तेव्हा त्यांना राग आला. दोन दिवस बोलले नाहीत.

पण यावर उपाय काय? कर्णबधिर माणूस बैठकीला यायचा तर सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा, आमच्या तालुक्यात मला एकही सापडला नाही. बाई यायची तर बैठक दिवसा, घराजवळ आणि संडासाची सोय असलेल्या जागी हवी. म्हणजे पुन्हा तोच कंटाळवाणा खर्च. संघटना लोकशाहीने चालावी असं वाटत असेल तर त्या लोकशाहीचं भाडं कोणीतरी भरावं लागेल.

आणि अपंग माणसाला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत ऑनलाइन केवायसीच्या स्क्रीनवर काम केलं. 'डोळे मिचकावा' अशी सूचना येते ना, ती. आमच्या टीमला ती पायरी फार हुशारीची वाटली होती. ज्याला दिसत नाही त्याने कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा कसा आणायचा, ॲसिड हल्ल्यात पापण्या गेल्यात तिने काय मिचकवायचं, हा प्रश्न आमच्या एकाही मीटिंगमध्ये आला नाही. तो न्यायालयात नेला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांनी आणि अमर जैन या अंध वकिलाने. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सर्वांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. आमची अख्खी टीम इंजिनिअरांची होती. बग सापडला तो ज्यांना तो टोचला त्यांना.

मग करायचं काय?

मोझरीच्या माणसाला संघटन शिकवायची गरज नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम उभारला, ग्रामगीता लिहिली आणि गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा उभ्या केल्या. त्या शाखा बाहेरून कोणी येऊन चालवत नाही. प्रार्थना गावच म्हणतं, सतरंजी गावच अंथरतं, वर्गणी गावच काढतं. गावाने आपलं काम आपण करावं, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती अपंगांच्या बाबतीतच आपण का विसरतो?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. अनेकदा मार्च जवळ आला की काहीतरी वस्तू वाटून तो संपवला जातो. हा खर्च कशावर करायचा ते गावातल्या अपंगांनी बैठकीत ठरवावं आणि त्या आराखड्यावर त्यांच्या प्रतिनिधींच्या सह्या असल्याशिवाय पैसा निघू नये.

दुसरी, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. चांगलं केलं. आता त्या विभागाने अपंगांनी चालवलेल्या संघटनांसाठी वेगळा निधी ठेवावा. प्रकल्पाला नको, संस्था चालवायला. हिशेबनीस, सीए, दुभाषा, प्रवास. किमान तीन वर्षं सलग. आणि अट एकच, कार्यकारिणीत अपंगांचं बहुमत हवं.

तिसरी, सल्लागार मंडळातलं आणि जिल्हा समित्यांतलं 'शक्य असेल तोवर' हे धोरण बंद करा. तामिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलून गावच्या पंचायतीपासून शहराच्या महापालिकेपर्यंत अपंग सदस्य नेमायची तरतूद केली. नेमणूक म्हणजे पुन्हा कोणाची तरी मर्जी, हे मला कळतं. पण माणूस आत तरी बसला. आत बसलेला माणूस पुढच्या वेळी निवडणूक मागू शकतो. दाराबाहेरचा काय मागणार?

चौथी मागणी तुमच्याकडे आहे. तुम्ही हे फोनवर वाचताय, बहुधा शिकलेले आहात, मदत करायची इच्छाही असेल. कृपा करून ॲप बनवू नका. तुमच्या तालुक्यातली अपंगांनी चालवलेली एक संघटना शोधा आणि विचारा, तुमचा कोणता कागद अडकलाय? सीएचा अभ्यास करत असाल तर एक ऑडिट करा. वकिलीला असाल तर एक चेंज रिपोर्ट लिहा. आणि लिहिताना शेजारी संघटनेचा माणूस बसवा, पुढच्या वर्षी तो त्यानेच लिहिला पाहिजे. तुम्ही गेल्यावर काम बंद पडत असेल तर तुम्ही मदत केली नाही, स्वतःची सवय लावली. आधीच्या अध्यक्षांनी चांगल्या मनाने नेमकं तेच केलं होतं.

आमचा चेंज रिपोर्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. एका सीएने फी नंतर घेईन म्हणून ऑडिट करून दिलं. खातं उघडलं. त्यानंतर संघटनेने सही करणारी माणसं बदलली. बाबांच्या जागी शेजारच्या गावातली एक मुलगी आली. तिला अगदी थोडं दिसतं. बँकेत तिला सांगितलं गेलं की तुमच्या सहीवर चेकबुक देता येणार नाही, सोबत दिसणारं कोणीतरी जोडा. मी लगेच पुढे सरसावलो, मॅनेजरशी इंग्रजीत बोलायची तयारी करत होतो. तिने फोनवर टॉकबॅक लावून रिझर्व्ह बँकेचं जून २००८ चं परिपत्रक उघडलं. दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुकसकट सगळ्या सुविधा द्यायच्या, असं त्यात स्पष्ट आहे. तिने ते मॅनेजरला मोठ्याने ऐकवलं. मला त्या परिपत्रकाचा पत्ताही नव्हता.

आता संघटनेत ५१ सभासद आहेत, त्यात १९ बायका. तालुक्यात निराधारचे किती अर्ज पडून आहेत त्याची यादी त्यांनी स्वतः केलीय, वहीत, पेनाने. दर महिन्याला ती घेऊन दोघं तहसीलला जातात. दुभाषा अजून मिळालेला नाही. हिशेबनिसाचे पैसे वर्गणीतून निघतात, कधी निघत नाहीत.

माझं ॲप प्ले स्टोअरवरून कधीच गेलं. गेल्या महिन्यात मला संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनपदावरूनही काढलं. मी बाबांना फोन करून विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "बैठकीत ठराव झाला. ॲडमिन सभासदच पायजे. तू सभासद नाहीस ना."

मला क्षणभर वाईट वाटलं. मग मी तो ठराव मागून घेतला आणि वाचला. खाली तीन सह्या होत्या. तिन्ही त्यांच्या.